संभाव्य उगम

३ मार्च

टिल्लू,

तू पन्नाशी ओलांडलीस, बंदरावर गणवेश घालून लोकांच्या पेट्या उघडतोस, तरी पत्राच्या वर दुसरं काही लिहायला माझा हात वळत नाही. फोनच करणार होते. पण फोनवर तू "बरं, बरं, मग?" एवढंच बोलतोस आणि मला सविस्तर सांगायचंय.

आमच्या तळ्यात काहीतरी उगवलंय. जानेवारीत धक्क्याच्या पायऱ्यांपाशी गोधडीएवढा हिरवा तुकडा दिसत होता. सगळे म्हणाले, शेवाळं असेल. आता तो पंपघरापर्यंत पोचलाय. लांबून इतका देखणा दिसतो की वाटावं, कुणी तळ्यावर मखमल अंथरली. पोरांनी 'पाणमखमल' नाव ठेवलं, तेच रूढ झालं. पण खाली पाण्यात अंधार, आणि काठाला रोज मेलेले मासे. पंपघराची जाळी दर दोन दिवसांनी तुंबते. परवा नावाड्याची नाव शाळेच्या अकरा मुली घेऊन मधोमध अडकली. दोर टाकून ओढावी लागली. तेव्हापासून नाव बंद आहे आणि पलीकडच्या काठाची मुलं तासभर वळसा घालून शाळेत येतात.

कुणीतरी कळवायला हवं, असं जो तो म्हणत होता. 'कुणीतरी' म्हणजे शेवटी कोण, ते तुला माहीतच आहे. पाणी खात्याच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसाने चार पानांचा फॉर्म पुढे सरकवला. 'बाहेरून आलेल्या उपद्रवी वनस्पतीची खबर.' शाळेच्या कार्यालयात एकतीस वर्षं दाखले लिहिले, मला फॉर्मची काय भीती! प्रथम कुठे दिसली, किती पसरली, पान कसं, सगळं भरलं. 'संभाव्य उगम' असा एक रकाना होता, तेवढा रिकामा ठेवला.

परिणाम असा की समिती झाली आणि सचिव मी. अक्षर चांगलं असण्याची शिक्षा.

सोबत एक पान वहीत दाबून, वाळवून पाठवलंय. ठार मेलेलं आहे, घाबरू नकोस. हे नेमकं काय आणि त्याचं करायचं काय, ते तुझ्या खात्याच्या ज्ञानातून सांग.

ताई

---

१५ मार्च

ताई,

पान मिळालं. तू कळवलंस हे फार चांगलं केलंस. लोक वर्ष वर्ष बघत बसतात आणि मग आमच्या नावाने ओरडतात.

हे पाण्यावर तरंगणारं नेचं आहे. पानावर बारीक केस असतात, त्यामुळे पाणी टिकत नाही, बघ हात लावून. आमच्या बंदीच्या यादीत ते पहिल्याच पानावर आहे. त्याला बी लागत नाही, म्हणून लोक फसतात. बोटाच्या पेराएवढा तुकडा तुटला तरी त्यातून नवीन रोप होतं. आठ-दहा दिवसांत दुप्पट. आज अर्धं तळं असेल तर पुढच्या आठवड्यात काय असेल, हिशेब तूच कर.

आता कामाचं. आधी बांबू एकमेकांना बांधून पाण्यावर अडसर घाला, म्हणजे वाऱ्याने पुढे सरकणार नाही. मग दंताळ्यांनी काठाकडे ओढा. काढलेलं तळ्यापासून लांब, ताडपत्रीवर वाळवायचं आणि पुरून टाकायचं. ओढ्यात, गटारात अजिबात नाही. प्रत्येकाचे बूट, नावेचा तळ, दोर, सगळं घासून धुवायचं. खात्याकडे बारीक भुंगे मिळतात, फक्त हेच खाणारे. ते मागा. तणनाशक मारायचा सल्ला कुणी दिला तर त्यालाच तळ्यात बुडवा.

एक सहज. चार वर्षांपूर्वी मी आलो तेव्हा तुझ्या गच्चीसाठी एक तरंगतं रोप आणलं होतं, तू ते काचेच्या घंगाळात ठेवलं होतंस. ते अजून आहे का? त्याचा याच्याशी काही संबंध नाही, ते वेगळं. आपलं सहज आठवलं.

टिल्लू

---

२७ मार्च

टिल्लू,

ते रोप केव्हाच गेलं रे. मागच्या उन्हाळ्यात वाळलं, केरात टाकलं. तूही काय एकेक आठवत बसतोस!

अडसर घातला. तुझ्या पत्रातली यादी मी मोठ्या अक्षरात लिहून धक्क्यावर लावली आणि खाली 'बंदरावरील तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार' असं ठोकून दिलं. लोकांवर छाप पडली.

पाणी खात्याची तपासनीस बाई येऊन गेली. तरुण आहे, गुडघ्याच्या वर येणारे रबरी बूट घालून सरळ पाण्यात उतरली. माझा फॉर्म वाचून म्हणाली, "सगळं व्यवस्थित आहे, पण उगमाचा रकाना रिकामा कसा? इथे पाण्यातली रोपं कुणी विकतं का?"

मी म्हटलं, "रोपवाले काका विकतात."

तू त्यांना पाहिलंयस. तळ्यामागच्या गल्लीत त्यांची रोपवाटिका आहे, नवरा-बायको दोघंच चालवतात. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. निम्म्या गावाला कुंडी भरायला त्यांनी शिकवलंय. माझा गुडघा धरला होता तेव्हा मातीची पोती दोन जिने चढवून आणून दिली होती, आणि वर मलाच रागावले होते, "अगं, हाक मारायला जीभ झडते का तुझी?"

तर तपासनीस बाई तिथे गेली. मला बरोबर यावं लागलं, सचिव ना मी. त्यांच्याकडे सिमेंटच्या सहा टाक्या आहेत, कमळं, पाणवेली, वगैरे. एका टाकीत तिला याच्यासारखं काहीतरी दिसलं. तीच जात की नुसती दिसायला सारखी, हे प्रयोगशाळा सांगेल म्हणाली. तोवर सहाही टाक्यांवर जाळी टाकून सील ठोकलं, फाटकावर नोटीस चिकटवली. माझ्या फॉर्मवर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'संभाव्य उगम : रोपवाटिका (चौकशी चालू).'

मी काही खोटं बोलले नाही. विचारलं तेवढंच सांगितलं. हो ना?

ताई

---

८ एप्रिल

ताई,

ते रोप वाळलं हे वाचून बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं, पण बरंही.

काकांचं मनाला लावून घेऊ नकोस. दहापैकी नऊ वेळा उगम रोपवाटिकेतच निघतो. माणसं वाईट नसतात, कुठून तरी काहीतरी आणतात, वाढवतात, विकतात. सील तात्पुरतं असतं. तू नियमाने वागलीस. नियमाने वागणाऱ्याला वाईट वाटतंच, मला विचार.

इकडे काम फार आहे. पुढच्या वर्षी निवृत्ती, त्याआधी तपासणी विभागाचा प्रमुख करणार अशी कुणकुण आहे. नव्या मुलांना शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात. मी त्यांना पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगतो, "एक पानसुद्धा नाही."

पत्र थोडक्यात आवरतो.

टिल्लू

---

२१ जून

टिल्लू,

दोन महिने तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते.

दर रविवारी सकाळी सातला आम्ही तळ्यावर जमतो. सुरुवातीला साठ माणसं होती, आता वीस-बावीस. कंबरभर पाण्यात उभं राहून दंताळं ओढायचं म्हणजे काय ते पहिल्या तासात कळतं. पायऱ्यांपासून नावेच्या खुंटापर्यंतचा पट्टा मोकळा केला होता, तीन आठवड्यांत पुन्हा भरला. नावाडी म्हणाला, "ही मखमल नाही, ही सासू आहे. हाकलली की मुक्काम वाढवते." सगळे हसले. मीही हसले.

सगळ्यांच्या आधी कोण येतं, सांगू? रोपवाले काका. माझ्या शेजारीच उभे राहतात. इतरांनी त्यांच्या शेजारची जागा सोडलेली असते, म्हणून.

त्यांच्याकडे आता कुणी जात नाही. सील फक्त टाक्यांवर आहे, पण फाटकावर नोटीस दिसली की माणूस गुलाबाचं रोप घ्यायलाही आत शिरत नाही. कुणीतरी खडूने भिंतीवर 'तळं मारणारा' लिहिलं. काकूंनी पुसलं, पुन्हा लिहिलं. प्रयोगशाळेचा अहवाल अजून नाही. मी दोनदा कचेरीत विचारून आले.

गेल्या रविवारी दंताळं टेकवून ते मला म्हणाले, "अगं, मी विकली असेल का गं?"

मी म्हटलं, "काय काका?"

"ही. चार-पाच वर्षांपूर्वी एक फिरता विक्रेता यायचा, त्याच्याकडून पाणवेली घेतल्या होत्या. त्यातून आली असेल. कुणीतरी घेऊन गेलं असेल आणि टाकली असेल. मला आठवत नाही. रात्रंदिवस आठवायचा प्रयत्न करतो, पण आठवत नाही."

मी म्हटलं, "उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका."

असं म्हणाले मी, टिल्लू. एवढंच.

तू फोन उचलत नाहीस. कामात असशील.

ताई

---

१९ ऑगस्ट

टिल्लू,

हे पत्र वाचून झाल्यावर ठेव किंवा फाड, पण पूर्ण वाच.

गेल्या गुरुवारी शाळेच्या सभागृहात समितीची सभा झाली. तपासनीस बाई होती, नावाडी होता, ऐंशीएक माणसं होती. मी टेबलाशी इतिवृत्त लिहीत होते. भुंगे कधी सोडायचे यावर बोलणं चाललं होतं. रोपवाले काका मागच्या रांगेतून उठले. धुतलेला, इस्त्रीचा सदरा घालून आले होते. पुढे आले. माइक त्यांना नको होता, तो कुणीतरी हातात दिला, मग तो उलटा धरून बोलले.

म्हणाले, "माझ्या हातून गेली असणार. आता वय झालं, आठवत नाही, पण पाण्यातली रोपं इथे माझ्याशिवाय कोण ठेवतं? आकाशातून तर पडली नाही. माझ्यामुळे मुलांची नाव बंद झाली. मी सगळ्यांची माफी मागतो." आणि हात जोडून उभे राहिले. खाली बसा म्हणेपर्यंत उभेच.

एकाने टाळी वाजवली, थांबला. तपासनीस बाईने माझ्याकडे वळून हळूच सांगितलं, "एवढं नोंदवून घ्या."

मी नोंदवलं. 'रोपवाटिका-चालकांनी चूक मान्य केली व दिलगिरी व्यक्त केली. सभेने नोंद घेतली.' दोन ओळी. एकही खाडाखोड नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीतून कळवलं की कबुली मिळाली असल्याने प्रयोगशाळेच्या अहवालासाठी आता थांबायचं कारण नाही.

तू आणलेलं रोप वाळलं नव्हतं. मी तुझ्याशी खोटं बोलले. ते वाढतच गेलं. घंगाळ भरलं, मग बादली भरली, मग आंघोळीचा जुना टब. गेल्या वर्षी जुलैत लेकीकडे दोन महिने जायचं होतं. गच्चीवर बघायला कोणी नाही. केरात टाकायचा धीर होईना. जिवंत होतं, हिरवंगार, आणि तू इतक्या लांबून जपून आणलेलं. म्हटलं, पाण्यातलं आहे, पाण्यात सुखाने राहील. सकाळी टब हातगाडीवर घालून धक्क्यावर नेला आणि पायऱ्यांवरून ओतला. वर हात धुऊन घरी आले ते एखादं पुण्यकर्म करून आल्यासारखी.

जानेवारीत तो गोधडीएवढा तुकडा बरोबर त्याच पायरीशी दिसला. मी त्याच दिवशी ओळखला. मग खबर द्यायला मीच का धावले, हे विचारशील. वाटलं, आपण कळवलं, आपण निस्तरलं, तर कुणी विचारणार नाही. आणि खरंच कुणी विचारलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, माझी बोंबही चार पानांच्या फॉर्मवर, सुवाच्य अक्षरात.

साठ वर्षांची बाई मी. लोक मला सचिव म्हणून नमस्कार करतात, धक्क्यावर जागा करून देतात. घरी आल्यावर आरशासमोर केस विंचरायची लाज वाटते.

मला काय करायचं ते सांग. खरं तर मला ते माहीत आहे. तू सांगितलंस तर सोपं जाईल, एवढंच.

ताई

---

२ सप्टेंबर

ताई,

मार्चमध्ये तुझं पत्र आलं ते मी कचेरीत वाचलं, पण पानाची पुडी तिथे उघडली नाही, घरी आणून उघडली. फॉर्म आणि तळं एवढं वाचूनच शंका आली होती. पान बघितलं आणि ओळखलं. 'ते वेगळं' असं तुला लिहिलं ते धडधडीत खोटं होतं. ते तेच होतं. आणि तू 'वाळलं' लिहिलंस, तेव्हा ते खोटं असणार हेही मला कळलं होतं. ते रोप असं वाळत नाही. मी खरं मानलं, कारण मला ते सोयीचं होतं. म्हणूनच पुढे तुला पत्र लिहवेना.

मी ते कसं आणलं, ते तू कधी विचारलं नाहीस. एका प्रवाशाकडून जप्त केलेल्या मालातलं होतं. जाळायला पाठवायचं होतं. त्यावर उन्हात इतकी सुंदर चांदी चमकत होती की तुझी गच्ची आठवली. ओल्या रुमालात गुंडाळून डब्यात घातलं. गणवेश अंगावर होता म्हणून माझी पेटी कुणी उघडली नाही.

गेल्या आठवड्यात एक म्हातारी बोटीवरून उतरली. पिशवीत ओल्या फडक्यात एक फांदी. म्हणाली, आईच्या अंगणातली आहे, आई आता नाही, घर विकलं. मी नियम वाचून दाखवला. ती म्हणाली, "साहेब, एवढीशी तर आहे." मी नव्या मुलांच्या देखत म्हणालो, "एक पानसुद्धा नाही." फांदी भट्टीत गेली. म्हातारी तिथेच बाकावर बराच वेळ बसून होती. मला तिच्यासमोरून तीनदा जावं लागलं.

एवढं सगळं लिहून आता जे लिहितोय, त्यासाठी माझा तिरस्कार कर. ताई, गप्प रहा. काकांनी कबूल केलंय, लोक सहा महिन्यांत विसरतील. तू बोललीस की पहिला प्रश्न 'तुझ्याकडे कुठून आलं' हाच येणार. माझी चौतीस वर्षांची नोकरी आहे. झाकली मूठ आहे ती झाकलेली राहू दे.

उद्या सकाळी हे पुन्हा वाचलं तर पाठवायचा धीर होणार नाही, म्हणून आजच पेटीत टाकतो.

टिल्लू

---

१४ सप्टेंबर

टिल्लू,

तुझं पत्र वाचलं. तुझा तिरस्कार करायला मी कोण? दोघांनी एकमेकांना सात महिने अगदी प्रेमाने फसवलं.

पण मी गप्प राहिले नाही. शुक्रवारी सकाळी काकांकडे गेले. ते रोपांना झारीने पाणी घालत होते. काकू पायरीवर बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कुणी दिलं ते सांगितलं नाही, बाकी सगळं. टब, हातगाडी, पायऱ्या.

ते पाणी घालायचं थांबले नाहीत. ओळ संपवली. मग विचारलं, "कधी?"

"गेल्या वर्षी जुलैत."

"म्हणजे मी सभेत बोललो, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"तू लिहीत होतीस."

"हो."

"काय लिहिलंस?"

मला पाठ होतं, टिल्लू. मी म्हणून दाखवलं. दोन्ही ओळी.

त्यांनी झारी खाली ठेवली. "अक्षर छान आहे तुझं," म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला.

काकू तिथेच होत्या. म्हणाल्या, "रोज मला विचारतात, मी विकली का गं? मी सांगते, नाही हो नाही. माझं ऐकत नाहीत. तू सांगितलेलं ऐकतील." मग म्हणाल्या, "आता जा."

तिथून तशीच कचेरीत गेले. नवीन फॉर्म मागितला. खिडकीतला माणूस म्हणाला, "पुन्हा खबर? आता कुठे उगवली?" उगमाच्या रकान्यात माझं नाव, पत्ता, तारीख लिहिली. तपासनीस बाईने दोनदा वाचलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी तुमच्या शब्दावर त्यांना सील केलं," आणि चष्मा काढून पुसत बसली. तुमच्याकडे कुठून आलं, हे तिने विचारलंच. मी म्हटलं, भेट आलं होतं, कुणाकडून ते मी सांगणार नाही, त्याचा दंड-शिक्षा जे असेल ते माझ्यावर लिहा.

तुझं तू ठरव. मी तुझं नाव घेणार नाही. पण यापुढे तुझ्यासाठी खोटंही बोलणार नाही.

ताई

---

२६ नोव्हेंबर

ताई,

उत्तराला अडीच महिने लावले. पहिला महिना मी तुझ्यावर चिडलेला होतो. दुसऱ्यात चिडायला कारण सापडेना.

परवा नव्या मुलांचा वर्ग होता. फळ्यावर ते वाक्य लिहायला खडू उचलला आणि हात पुढे जाईना. एक मुलगी म्हणाली, "सर, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "नाही." वर्ग सोडून सरळ साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, मीच शिकवलेले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "हे लेखी द्यायलाच हवं का?" सुटका समोर ठेवली होती त्यांनी. मी म्हटलं, "कागद द्या."

आता तपासणीवरून काढून जुन्या कागदांच्या खोलीत बसवलंय. चौकशी चालेल. प्रमुखपद अर्थातच गेलं. जेवायच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी कुणी बसत नाही. त्यांनी काही वाईट बोलावं असं वाटतं, कुणी बोलत नाही. त्या म्हाताऱ्या बाईचा पत्ता मी नोंदवहीतून काढला, तिला पत्र लिहायला बसलो. काय लिहिणार? फाडलं.

डिसेंबरात चार दिवस येतो. बूट घेऊन येईन.

टिल्लू

---

१८ जानेवारी

टिल्लू,

तू येऊन गेलास ते बरं झालं. तू गाडीत बसलास आणि मला रडू आलं. लहानपणी दोघांनी मिळून काही फोडलं की आपण दोघंच माडीवर जाऊन बसायचो, तसे ते चार दिवस गेले. फरक इतकाच की आता बोलावायला वर कुणी येणार नाही.

तू काकांच्या फाटकाशी जाऊन "मी तिचा भाऊ, मीच आणली होती" म्हणालास, तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. त्यांनी तुला पाणी विचारलं. मला नाही विचारलं. ते बरोबरच होतं.

इकडची हकीकत अशी. टाक्यांवरचं सील तपासनीस बाईने स्वतः येऊन काढलं. जाळीखाली नऊ महिने, तीनच टाक्यांत काही जिवंत उरलं होतं. कमळं गेली. तिने 'संबंध नाही' असं पत्र दिलं ते मी जिथे नोटीस होती तिथेच, फाटकावर चिकटवायला गेले, तर काकूंनी माझ्या हातातून घेतलं आणि त्याच चिकटवत बसल्या. भिंतीवरचा खडू आता राहिलेला नाही. लोक रोपं न्यायला येतात, जरा जास्तच येतात, आणि जरा जास्त मोठ्याने बोलतात. ज्याने लिहिलं होतं तोही येत असेल.

मला सचिवपदावरून काढलं. समितीने ठराव केला, तो नव्या सचिवाने लिहिला, अक्षर अगदी कोंबडीचे पाय. खात्याने दंड केला. बाजारात समोरून येणाऱ्या बायका मला पाहून पिशवीत काहीतरी शोधायला लागतात. मी थांबत नाही. थांबले तर त्यांनाच अवघड होतं.

भुंगे कामाला लागलेत. मखमलीवर तपकिरी डाग पडायला लागले. नावेचा मार्ग मोकळा झालाय, गेल्या सोमवारपासून नाव सुरू आहे. तळं साफ झालं असं नाही. निम्मं झालंय. उरलेलं वेताच्या बेटात आहे, पंपघराच्या मागे. तिथे दंताळं चालत नाही, हाताने उपसावं लागतं, आणि चिखलात पाय रुततात. ती जागा कुणाला नको असते. मी तिथे जाते. माझ्या शेजारी कुणी उभं राहत नाही, त्यामुळे जागा भरपूर मिळते.

काल रविवार. साडेआठच्या सुमाराला मागे पाण्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर काका. माझ्यापासून दोन हातांवर उभे राहिले आणि वेतातून उपसायला लागले. माझ्याकडे पाहिलं नाही. मी उपसत राहिले. काय बोलणार? सप्टेंबरात एकदा बोलून झालं होतं, आणि माफी मागायची तर ती त्यांनी माझ्या वाटची सभेत मागून टाकली होती.

तासभर असंच गेलं. मी ओढत होते, ते बघत असणार, कारण एकदम म्हणाले, "अहो बाई."

मला आधी कळलंच नाही की हे मला आहे. बावीस वर्षं ते मला 'अगं' म्हणत आलेत. दमदाटी करताना अगं, पोती चढवताना अगं, पाण्यात उभं राहून 'मी विकली का' विचारतानाही अगं.

"अहो बाई, असं वरून ओढू नका. तुटतं, तुकडे राहतात. खालून हात घाला."

"बरं," म्हटलं.

दहाला त्यांनी बूट धुतले आणि गेले.

मी साडेअकरापर्यंत थांबले, टिल्लू. खालून हात घालून.

ताई